लाल सिलिंडरचा हिशेब

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, दुपारी मोकळी आहेस का? तीन कोटेशनं आली आहेत, तुझ्या नजरेखालून घालायची आहेत."

भाचा म्हणजे कोण हे नातेवाईक मंडळींना लगेच कळेल. इतरांना एवढे पुरे की खरवईच्या एमआयडीसीत त्याचा छोटासा कारखाना आहे. पुठ्ठ्याची खोकी बनतात, त्यांवर छपाई होते, चौदा माणसे कामाला आहेत. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याने मला 'ऑडिटर' ही पदवी बहाल केली आहे. पगार म्हणजे दुपारचा चहा आणि कुळगावातून येण्याजाण्याची रिक्षा. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला हिशेब काय कळणार, असे कुणी म्हणेल. पण पन्नास-साठ मुलांची हजेरी, फी आणि गुणपत्रके जन्मभर जुळवलेल्या बाईला चुकलेली बेरीज लांबूनच दिसते!

कोटेशने होती अग्निशामक सिलिंडरच्या सर्व्हिसिंगची. भिंतीवर टांगलेले ते लाल सिलिंडर आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. बँकेत, दवाखान्यात, थिएटरात, सोसायटीच्या जिन्यात. पाहिलेले म्हणजे त्यांच्यावरून नजर गेलेली असते इतकेच. भाच्याकडे असे आठ आहेत. सहा पावडरचे, सहा-सहा किलोचे. दोन कार्बन डायऑक्साइडचे, साडेचार किलोचे, ते विजेच्या पॅनेलजवळ.

पहिले कोटेशन नगाला दोनशे रुपये, म्हणजे एकूण १,६००. दुसरे ४,८००, त्यावर मोघम लिहिलेले 'रिफिलिंगसह'. तिसरे मात्र पानभर लांब होते आणि खाली आकडा होता १४,५१४ रुपये.

"पहिलंच घेऊ ना?" भाचा म्हणाला. "आजवर एकदाही वापरायची वेळ आली नाही. उगाच चौदा हजार कुठे घालू?"

त्याचे अगदीच चुकत होते असे नाही. विजेचे बिल, कागदाचा भाव, तीन-तीन महिने अडकून पडलेली येणी... मी त्याची वही पाहते, मला ठाऊक आहे. मी एवढेच म्हटले, "पहिल्याला फोन लाव आणि विचार, दोनशे रुपयांत नेमकं काय करणार?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडचा मुलगा मोठा प्रामाणिक निघाला. "सर, आपला माणूस येईल, पुसून-बिसून नवीन स्टिकर लावून देईल. सर्टिफिकेट लगेच. अर्ध्या तासाचं काम. बिल हवं असलं तर जीएसटी वेगळा."

"सिलिंडर उघडणार का?" मी मध्येच विचारले.

"कशाला मॅडम? काटा हिरव्यात आहे ना?"

काटा हिरव्यात आहे ना! या एका वाक्याने मला तीस-पस्तीस वर्षे मागे नेले. ते आधी सांगते, मग हिशेबाकडे येते. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

मी ज्या शाळेत होते तिचे नाव लिहीत नाही, गरजही नाही. तिथे मराठी शिकवण्याबरोबर माझ्याकडे डेडस्टॉक रजिस्टर होते. ज्या वाचकांनी शाळेत नोकरी केली आहे ते हसतील. बाके, फळे, नकाशे, घंटा, पाण्याचे पिंप, सगळे त्या जाड वहीत. दर मार्चमध्ये वही घेऊन खोल्या फिरायच्या, नग मोजायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' लिहून सही करायची. त्यातच एक ओळ होती, 'अग्निशामक, नग २'. एक प्रयोगशाळेबाहेर आणि एक ऑफिसच्या दारापाशी. लाल रंगाचे, शंकूसारखे, वर बटण असलेले. मी दर वर्षी ते दोन मोजले. दोन भरले. ठीक.

१९९२ च्या मार्चमधली गोष्ट. दहावीची परीक्षा चालू होती. पेपर संपल्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून त्यांवर लाखेच्या मोहरा करायच्या असत. ऑफिसशेजारच्या खोलीत मेणबत्तीवर लाख वितळवण्याचे काम चालले होते. मेणबत्ती कलंडली आणि बाजूला पडलेल्या वेष्टणाच्या कागदांनी आणि सुतळीने पेट घेतला. आग फार मोठी नव्हती. दोन हात लांब-रुंद असेल. पण तिच्यापासून चार पावलांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते.

आमचे शिपाई, सगळी शाळा त्यांना मामा म्हणे, धावत गेले आणि दारातला तो लाल शंकू उचलून आणला. उलटा केला, बटण जमिनीवर आपटले. काही नाही. पुन्हा आपटले. काही नाही. तिसऱ्यांदा आपटले आणि मग ते भांडे फेकून देऊन त्यांनी पेटलेले कागद दोन्ही हातांनी गोळा करून दाराबाहेर ओढले.

उत्तरपत्रिका वाचल्या. मामांचे तळहात भाजले. डावा बरा झाला. उजव्या हाताची दोन बोटे मात्र पुढे कधी सरळ झाली नाहीत. त्यानंतर शाळेची घंटा ते डाव्या हाताने वाजवू लागले. मुलांच्या ते लक्षात आले की नाही कोण जाणे. मला मात्र रोज आठ वेळा ऐकू यायचे. डाव्या हाताचा टोला जरा हलका पडतो.

नंतर विज्ञानाच्या सरांनी ते भांडे उघडून दाखवले. त्या जुन्या यंत्राला सोडा-अ‍ॅसिड म्हणत. भांड्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि वर काचेच्या बाटलीत गंधकाम्ल. बटण आपटले की बाटली फुटते, आम्ल सोड्यात मिसळते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या दाबाने पाणी जोरात बाहेर येते. नववीच्या मुलालाही समजेल अशी रचना. पण सोड्याचे पाणी वेळोवेळी बदलावे लागते आणि बटणाची दांडी तेल-पाणी करून मोकळी ठेवावी लागते. आमची दांडी गंजून जागच्या जागी बसली होती. सोडा तळाशी दगड होऊन पडला होता. सरांनी तो स्क्रू-ड्रायव्हरने टोकून दाखवला, टक टक आवाज आला.

वहीत मात्र माझ्या सहीनिशी लिहिलेले होते, 'ठीक'.

कुणी मला बोलले नाही. मामा तर म्हणाले, "बाई, तुमची कुठं चूक? भांडंच जुनं होतं." मामा आता नाहीत. मी निवृत्त झाले तेव्हा डेडस्टॉक पूर्ण व बरोबर असल्याचा दाखलाही मला मिळाला. पण त्या दिवशी जे कळले ते कळलेच. मोजले म्हणजे तपासले नव्हे.

असो. आता हिशेबाकडे येऊ.

भाच्याला मी मामांची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग आम्ही तिसरे कोटेशन ओळीओळीने वाचायला बसलो. ते जसेच्या तसे देते. भाव गावागणिक आणि एजन्सीगणिक बदलतील, पण कलमे पाहा:

पाच पावडर सिलिंडर रिकामे करून नव्या पावडरने भरणे: ३,७५०
दोन कार्बन डायऑक्साइड सिलिंडर भरणे: १,८००
सात सिलिंडरची हायड्रॉलिक चाचणी: १,७५०
नेणे-आणणे, मधल्या काळात बदली सिलिंडर देणे: ६००
एक नवा पावडर सिलिंडर: २,४००
वर्षातून चार वेळा येऊन तपासणी: २,०००
बेरीज १२,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२१४. एकूण १४,५१४.

आठातला एक नवा का? तर त्या जुन्या सिलिंडरवर बनवल्याचे साल कोरलेले होते २००९. पावडरच्या सिलिंडरचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरतात, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचे पंधरा. हा तर कधीच म्हातारा झाला होता. आणि तरीही त्याच्यावर गेल्या वर्षीचे 'सर्व्हिस्ड' असे चकचकीत स्टिकर होते.

हायड्रॉलिक चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी भरून नेहमीच्या दाबापेक्षा बराच जास्त दाब देऊन पाहणे. पावडरचा सिलिंडर सतत दाबाखाली असतो. आतून गंजला आणि ऐन वेळी फुटला तर आग राहिली बाजूला, उचलणाराच जायचा. म्हणून आयएस २१९० या भारतीय मानकात याचे वेळापत्रक ठरवून दिलेले आहे. पावडरच्या सिलिंडरला दर तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दर पाच वर्षांनी. आणि ही चाचणी अर्ध्या तासात, फडक्याने पुसून होत नाही.

पावडरचे दुखणे वेगळेच. ती असते पिठासारखी बारीक. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. जूनपासून मीठ ओले, काडेपेटी सादळलेली, पापड मऊ. (अंबरनाथच्या विमकोत इतक्या काड्या बनल्या, पण पावसाळ्यात एकही धड पेटायची नाही, असे आमचे वडील म्हणत!) सिलिंडरच्या वायसरमधून जराशी दमट हवा आत गेली की पावडरचे ढेकूळ होते. नुसता टांगून ठेवला तरी ती तळाशी दाबून बसते. अशा वेळी वरचा वायू असतो, दाब असतो, काटाही हिरव्यात असतो. दाबले की फक्त वायू निघून जातो आणि पावडर आतच बसून राहते. म्हणजे काटा खोटे बोलत नाही, तो आपल्याला विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. दाब आहे का? आहे. पावडर बाहेर येईल का, हे त्याला कुणी विचारलेलेच नसते.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाही नसतो. तो भरलेला आहे की नाही हे वजनावरूनच कळते. भरलेले वजन सिलिंडरवर लिहिलेले असते. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला की पुन्हा भरायचा. भाच्याकडे माल पाठवायचा मोठा वजनकाटा आहेच. आम्ही दोन्ही सिलिंडर तिथल्या तिथे त्यावर ठेवले. एक बरोबर निघाला. दुसरा एक किलो तीनशे ग्रॅमने कमी. साडेचार किलोतले इतके केव्हा गेले, कुणास ठाऊक! आणि हे कळायला लागली ती दोन मिनिटे, खर्च शून्य.

आता १४,५१४ हा आकडा दर वर्षीचा नव्हे. पुढची दोन वर्षे फक्त चार फेऱ्यांचे पैसे, करासह २,३६०. म्हणजे तीन वर्षांचे मिळून १९,२३४ रुपये. वर्षाला ६,४११. आठ सिलिंडरना मिळून दिवसाला साडेसतरा रुपये. एका वडापावचे पैसे! एका सिलिंडरला दिवसाला सव्वादोन रुपयांहून जरा कमीच.

आणि पहिले कोटेशन घेतले असते तर? तीन वर्षांचे ४,८००. भाचा म्हणाला, "म्हणजे स्वस्तच की." मी म्हटले, "स्वस्त कसं? चार हजार आठशेला चोवीस स्टिकर. लग्नपत्रिकासुद्धा याहून स्वस्त पडते."

पण खरी किंमत कोटेशनमध्ये नसतेच, हे मला या लेखात सांगायचे आहे. तिसऱ्या, चांगल्या कोटेशनमध्येही नव्हती. अशी दोन कलमे आहेत जी कुठलीही एजन्सी आपल्याला विकू शकत नाही. एक, महिन्यातून एकदा आपल्याच कुणाचे तरी डोळे. दोन, वेळेला ते उचलणारे हात.

डोळ्यांचे काम सोपे आहे. सिलिंडर जागेवर आहे का, त्याच्यापुढे खोक्यांची थप्पी रचलेली नाही ना, पिन आणि सील शाबूत आहे का, काटा कुठे आहे, नळीला चीर नाही ना, तोंडात झुरळ किंवा कुंभारमाशीचे घर नाही ना. एकाला मिनिटभर धरले तरी आठ सिलिंडरना दहा मिनिटांच्या आत काम होते. पण ते कुणाचे तरी ठरलेले काम हवे. 'सगळ्यांचे' काम कुणीच करत नाही, हे मी शाळेच्या बागेवरून सांगू शकते.

हातांची गोष्ट जास्त गंभीर आहे. सहा किलोचा सिलिंडर सुरू केल्यापासून पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. पंधरा सेकंद! तेवढ्यात पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची आणि डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखी फिरवायची. ज्याने आयुष्यात कधी पिन काढलेली नाही त्याचे दहा सेकंद पिन शोधण्यातच जातात. मग तो ज्वाळांच्या शेंड्यावर पावडर उडवतो आणि खालचा पुठ्ठा जळतच राहतो.

तिसऱ्या एजन्सीचा माणूस आला तेव्हा त्याने एक फार चांगली गोष्ट सुचवली. म्हणाला, "हे पाच सिलिंडर रिकामे करायचेच आहेत. वर्कशॉपवर नेऊन रिकामे करण्यापेक्षा तुमच्याच माणसांना चालवू द्या." यासाठी वेगळा पैसा नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या परातीत पुठ्ठ्याचे तुकडे पेटवले. तो माणूस शेजारी स्वतःचा भरलेला सिलिंडर घेऊन उभा. चौदा माणसे अर्धगोल करून उभी, जणू होळीच. मीही खुर्ची टाकून बसले.

पहिला छपाईवरचा मुलगा. पिन काढली, दाबले, पांढरा ढग उठला, आग विझली. टाळ्या. दुसऱ्याचाही चालला. तिसऱ्या सिलिंडरपाशी लेबले चिकटवणाऱ्या ताई आल्या. काटा हिरव्यात. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे बरोबर केले. फुस्स आवाज आला, हवा सुटली, चिमूटभर पावडर पायापाशी पडली आणि संपले. परातीतली आग तशीच. चौथा चालला. पाचव्याची पिन गंजून इतकी बसलेली की ती काढायला पक्कड आणावी लागली.

ताई रिकामा सिलिंडर हातात धरून तशाच उभ्या होत्या. भाच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, ही खरी लागली असती तर?"

कुणी काही बोलले नाही. मला मामा आठवले.

आठ सिलिंडरचा निकाल लावू. एक कालबाह्य, एकाची पावडर दगड, एकाची पिन जाम, एकात वायू कमी. चालण्यासारखे चारच. निकाल पन्नास टक्के. दहावीला पस्तीस टक्क्यांवर पास करतात, पण इथे ती सवलत नाही. आणि या आठही सिलिंडरवर मुदत न संपलेले स्टिकर होते. भाच्याने गेल्या वर्षी त्यासाठी पैसेही मोजले होते, बिल फाईलला आहे.

याचा दोष एजन्सीवाल्यांवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. पण मला तसे वाटत नाही. आपण कोटेशन मागवताना काय विचारतो? "नगाला किती?" आणि "सर्टिफिकेट कधी मिळेल?" आपण स्टिकर मागतो म्हणून बाजारात स्टिकर मिळतो. जो माणूस सिलिंडर उघडतो, जुनी पावडर काढतो, चाचणी करतो, त्याचा आकडा मोठा येतो आणि आपण त्याला "महाग आहे" म्हणून परत पाठवतो. असे चार वेळा परत गेल्यावर तोही स्टिकरच विकू लागला तर नवल ते काय?

कायद्यानेही ही जबाबदारी एजन्सीची मानलेली नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ म्हणतो की इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने आगीपासून बचावाची साधने ठेवायची आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवायची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ती चालू असल्याचे प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचे. शब्द नीट वाचा, 'चालू असल्याचे' प्रमाणपत्र. आपण त्यातला 'चालू असल्याचे' हा भाग विसरलो आणि 'प्रमाणपत्र' तेवढे धरून बसलो. माझ्या 'ठीक'सारखेच.

कुणी म्हणेल, बाई, एवढ्याशा सिलिंडरने काय होणार आहे? आपण ज्या पट्ट्यात राहतो तिथे हा प्रश्न खोटा नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रसायनांच्या कारखान्यांत स्फोट झाले, दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली. आमच्या खरवईतही जानेवारी २०२४ मध्ये पहाटे एका रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि एका कामगाराचा जीव गेला. अशा स्फोटांपुढे हा सहा किलोचा सिलिंडर काहीही करू शकत नाही, हे स्पष्ट सांगते. तिथे प्रश्न वेगळे आहेत, ते कुठल्याही सर्व्हिसिंगने सुटणार नाहीत.

पण सगळ्या आगी स्फोटाने सुरू होत नाहीत. बहुतेक आगी आमच्या मेणबत्तीसारख्या सुरू होतात. पहिली दोन मिनिटे आग परातीएवढी असते. तेवढ्या दोन मिनिटांसाठीच हा सिलिंडर आहे. ती दोन मिनिटे हुकली की तो निरुपयोगी, मग सिलिंडर टाकून बाहेर पळायचे आणि १०१ लावायचा. आपल्याकडे म्हण आहे, 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'. हा छोटा बंब तरी आगीच्या शेजारीच टांगलेला असतो. पण तो चालत नसेल तर शेजारी असूनही सोमेश्वरीच!

दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर कापसाच्या गासड्या पेटल्या. बोटीत दारूगोळाही होता. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटात गेले. पाहुण्यांचे भाषण होते, हार घातला जातो, एखाद्या शाळेत प्रात्यक्षिकही होते. ते व्हावेच. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली, तेव्हा राज्यभर 'फायर ऑडिट'चे आदेश निघाले. तेही बरोबरच. पण माझी एक साधी सूचना आहे. तपासायला येणाऱ्या साहेबांनी फाईल नंतर मागावी. आधी समोर दिसेल त्या कामगाराला बोलवावे, मग तो झाडूवाला असो की मॅनेजर, आणि भिंतीवरच्या कुठल्याही एका सिलिंडरकडे बोट दाखवून म्हणावे, "हे काढ आणि चालवून दाखव." दहा मिनिटांत खरे ऑडिट होईल. भरायचा खर्च मालकाचा!

मालकांनाही एक सांगणे. पुढच्या वेळी कोटेशन मागवाल तेव्हा "नगाला किती" याच्याआधी चार प्रश्न विचारा. उघडणार का? जुनी पावडर माझ्यासमोर काढणार का? चाचणीची तारीख सिलिंडरवर घालणार का? माझ्या माणसांना चालवायला शिकवणार का? मग आकडा पाहा. तो मोठा वाटला तर दिवसाला किती पडतो ते काढा. आणि दुसऱ्या पारड्यात काय टाकायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. माझ्या पारड्यात दोन बोटे आहेत.

तुम्ही जिथे काम करता, बसता, उठता, तिथला लाल सिलिंडर उद्या एकदा थांबून बघा. नुसता बघू नका, हात लावून बघा. काय दिसले ते मला जरूर कळवा.

जाता जाता, भाच्याच्या कारखान्यात मी एक वही सुरू करून दिली आहे. डेडस्टॉकची नव्हे, ते नाव मुद्दाम टाळले. दर महिन्याच्या एक तारखेला एकाची पाळी. चौदा माणसे, चौदा महिन्यांत सगळ्यांची फेरी पूर्ण. शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' हा शब्द लिहायला मनाई आहे, जे दिसले तेच लिहायचे. परवा एक तारीख झाली. पहिली पाळी लेबलवाल्या ताईंनी मागून घेतली होती. भाच्याने मला त्या पानाचा फोटो पाठवला. आठ ओळी, वळणदार अक्षर. चौथ्या ओळीत लिहिले आहे, 'काटा हिरव्यात. पिन निघते. नळीच्या तोंडात कुंभारमाशीचं घर होतं. काढलं.'